कडाक्याच्या थंडीत आरव्ही गरम कशी ठेवता? (ग्रँड कॅन्यन, डिसेंबर, सोबत सासू-सासरे)

पानगळ

नमस्कार मंडळी. नाताळच्या सुट्टीत डेन्व्हरहून ग्रँड कॅन्यनला जायचं घाटतंय. साउथ रिमवरच्या, म्हणजे दक्षिण काठावरच्या ट्रेलर व्हिलेज या कॅम्पग्राउंडमध्ये जागा मिळाली आहे. ते वर्षभर उघडं असतं आणि वीज, पाणी, सांडपाणी तिन्हीची जोडणी मिळते. आमची आरव्ही म्हणजे चोवीस फुटी ट्रॅव्हल ट्रेलर, गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर. सेकंडहँड आहे, याच उन्हाळ्यात घेतलाय. बरोबर नवरा, मुलगा आणि सांगलीहून आलेले सासू-सासरे. सासूबाईंना डेन्व्हरचा ऑक्टोबरच सोसला नाही, आणि कॅन्यनच्या काठावर डिसेंबरात रात्री शून्याखाली सात-आठ नेहमीचंच म्हणतात.

रंगीत तालीम म्हणून मागच्या शनिवारी जवळच्या स्टेट पार्कात, विजेशिवाय राहून पाहिलं. मध्यरात्रीपर्यंत छान ऊब होती. पहाटे जाग आली तर फर्नेसचा (ट्रेलरमधल्या गॅसवरच्या भट्टीचा) पंखा चालू, पण हवा गार. थर्मोस्टॅट वाढवला, बंद करून पुन्हा लावला, फरक नाही. प्रोपेनचे दोन्ही सिलिंडर भरलेले होते, गॅसची शेगडी व्यवस्थित पेटत होती. एका दुकानात दाखवलं तर ते म्हणाले फर्नेस गेली, नवीन बसवा. आकडा ऐकून नवऱ्याने चहा अर्धा टाकला.

तर विचारायचं असं की फर्नेस खरंच बदलायची का? की ट्रेलर व्हिलेजला वीज भाड्यातच आहे तर १५०० वॅटचे दोन हीटर लावून फर्नेसला सुट्टी द्यायची? एका मैत्रिणीने बडी हीटर सुचवलाय, म्हणजे प्रोपेनवरचा छोटा, उचलून कुठेही ठेवता येणारा हीटर. अनुभवी लोकांनी बोला.

वायरमन_काका

फर्नेस अजिबात बदलू नका. पंखा चालू आणि हवा गार, यातच तुमचं उत्तर आहे.

आरव्हीची फर्नेस तापते गॅसवर, पण चालते १२ व्होल्टवर. थर्मोस्टॅटने मागणी केली की आधी पंखा सुरू होतो. पंख्याच्या वाऱ्याने एक पातळ पाती ढकलली जाते, तिला सेल स्विच म्हणतात. ती पुरेशी ढकलली गेली तरच सर्किटला कळते की हवा खेळते आहे. मग गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो आणि ठिणगी पडते. बॅटरी उतरली की पंखा फिरतो, पण मंद. पाती हलत नाही, गॅस उघडत नाही. हा बिघाड नाही, बंदोबस्त आहे. वारा नसताना ज्योत पेटली तर आतली भट्टीच जळेल.

आता हिशोब. ३०,००० बीटीयूच्या (बीटीयू म्हणजे उष्णतेचे माप) फर्नेसचा पंखा ७ ते ९ अँपिअर ओढतो, ८ धरू. थंडीच्या रात्री तो निम्मा वेळ चालतो. संध्याकाळी सहा ते सकाळी सहा यांतले सहा तास, म्हणजे ४८ अँपिअर-तास. वर फ्रिजचे सर्किट, गॅसचा डिटेक्टर, दिवे, पाण्याचा पंप. ट्रेलरबरोबर येणारी ग्रुप २४ ची लेड-अ‍ॅसिड बॅटरी असते ७५-८० अँपिअर-तासांची, आणि तिच्यातला निम्मा साठाच वापरावा. शिवाय शून्य अंशाला तिची क्षमता साधारण पाचव्या हिश्शाने उतरलेली. पहाटे ती झोपणारच. फर्नेसचा पंखा चालू असताना बॅटरीला मल्टिमीटर लावा. अकरा व्होल्टच्या खाली दिसले तर माझे म्हणणे खरे.

ट्रेलर व्हिलेजला वीज आहे, तिथे कन्व्हर्टर (बाहेरच्या विजेचे १२ व्होल्ट करणारे यंत्र) १२ व्होल्ट पुरवेल. हा प्रश्न वाटेतल्या मुक्कामाला येईल. (बोर्डात तीस वर्षे खांबावर काढली, आता मुलाकडे न्यू जर्सीत त्याच्या मोटरहोमची वायरिंग करतो. सवय सुटत नाही.)

पानगळ

काका, १०.६ दाखवतोय! नवरा म्हणाला या गृहस्थांना सांगली-स्पेशल भेळ पार्सल करा.

मग दुसरी बॅटरी घेऊ? लिथियम घ्यावी असं ऐकलं.

वायरमन_काका

भेळ पोचेपर्यंत सादळेल. लिथियम चांगली, १०० अँपिअर-तासांची जवळजवळ पूर्ण वापरता येते, म्हणजे आताच्या दुपटीहून जास्त. पण शून्याखाली तिला चार्ज करायचे नाही, आतल्या पेशी कायमच्या खराब होतात. ट्रेलरच्या जिभेवर (पुढच्या ओढायच्या दांड्यावर), बाहेर, उघड्यावर बसवू नका. पलंगाखाली आत बसवा. थंडीत चार्जिंग आपोआप तोडणारे सर्किट असलेलीच घ्या. कन्व्हर्टर जुना असेल तर त्याचे चार्जिंग लिथियमला जुळते का तेही पाहावे लागेल. या एका सहलीसाठी एवढा उपद्व्याप करू नका, वाटेतसुद्धा विजेची जागा बघून थांबा.

कॅलगरीकर

काकांनी फर्नेसचं निदान चोख केलंय. मी दोन हीटरच्या कल्पनेवर बोलतो, कारण आमच्या अल्बर्टात दर हिवाळ्यात कुणाचे ना कुणाचे नळ याच कल्पनेपायी फुटतात.

आरव्ही गरम ठेवणं म्हणजे माणसं गरम ठेवणं असं आपल्याला वाटतं. माणसं एका गोधडीतही गरम राहतात. गरम ठेवायचं असतं गाडीचं पोट. ट्रेलरच्या फरशीखाली, बाहेरच्या प्लॅस्टिकच्या पत्र्याच्या वर, पाण्याची टाकी, सांडपाण्याच्या दोन टाक्या आणि सगळ्या नळ्या असतात. ज्याला कंपन्या 'हीटेड अंडरबेली' म्हणून विकतात त्यात बहुतेक वेळा एवढंच असतं की फर्नेसच्या डक्टचा एक फाटा त्या पोकळीत सोडलेला असतो. फर्नेस चालली की तिथे गरम हवा जाते. फर्नेस बंद, पोट थंड.

आता तुम्ही हॉलमध्ये १५०० वॅटचा हीटर लावलात. थर्मोस्टॅट तिथेच भिंतीवर. त्याला वाटतं घर झकास तापलंय, तो फर्नेसला उठवतच नाही. आत सासूबाई खूश, खाली नळ्यांमध्ये बर्फ. सकाळी मोरीचा नळ सोडला की सू-सू करून गप्प. शून्याखाली दोन-तीन अंशांना एखादी रात्र निभावते. शून्याखाली आठला सलग दोन-तीन रात्री निभावत नाही.

म्हणून हीटर लावा, पण दुय्यम म्हणून. फर्नेस १६-१७ सेल्सिअसवर ठेवा म्हणजे ती अधूनमधून चालेल, आणि एकच हीटर, तोही कमी वॅटवर, थर्मोस्टॅटपासून लांब, झोपायच्या बाजूला. फर्नेस दर तासाला थोडी तरी चालायलाच हवी, एवढं बघा.

आणि 'फोर सीझन' हा शिक्का पाहून भुलू नका. त्याची सर्वांना बंधनकारक अशी काही व्याख्या नाही. भिंत दोन इंचांची आणि खिडकीला एकच काच असली तरी स्टिकर लागतो.

बोरीबंदर

जरा जास्तच घाबरवताय. आम्ही फ्लॅगस्टाफला थँक्सगिव्हिंगला दोन हीटरवर राहिलो होतो, एकही नळ गोठला नाही, आणि प्रोपेन जवळपास वापरलंच नाही. वीज भाड्यात असेल तर प्रोपेन का जाळायचं? पैसे काय झाडाला लागतात?

कॅलगरीकर

थँक्सगिव्हिंग नोव्हेंबरात येतो हो. आणि तुमची गाडी कोणती? मोटरहोममध्ये टाक्या बऱ्याचदा आतल्या बाजूला असतात, तिथे तुमचं चालून जाईल. यांचा ट्रॅव्हल ट्रेलर आहे.

बोरीबंदर

क्लास ए, म्हणजे इंजिन असलेली, बसएवढी मोटरहोम. बरं, मान्य. पण यांना प्रोपेन किती लागेल ते तरी सांगा, म्हणजे माझा जीव शांत होईल.

कॅलगरीकर

एक पाउंड प्रोपेनमध्ये साधारण २१,५०० बीटीयू. वीस पाउंडांच्या सिलिंडरमध्ये सव्वाचार लाखांच्या वर. ३०,००० ची फर्नेस अखंड चालली तर चौदा तासांत सिलिंडर रिकामा. निम्मा वेळ चालली तर सव्वा दिवस. म्हणजे जोडीला दोन सिलिंडर असतील तर अडीच दिवस, आणि कमी वॅटचा हीटर मदतीला असला तर तीन-साडेतीन. मुक्काम लांब असेल तर मधे एकदा भरून आणावं लागणार, त्यातून सुटका नाही. पण फुटलेली नळी बदलायला यापेक्षा जास्त जातात.

प्रोपेन थंडीने गोठेल याची मात्र काळजी करू नका. ते उणे ४२ ला उकळतं, तुम्ही त्याच्या जवळपासही जाणार नाही. जास्त थंडीत अर्धा-पाव उरलेला सिलिंडर वाफ सावकाश सोडतो, एवढंच. त्यावर गरम पाणी ओतणं, ब्लोटॉर्च फिरवणं असले पराक्रम करू नयेत. हे लिहावं लागतंय, कारण मी पाहिलेत.

वायरमन_काका

विजेच्या हीटरबद्दल माझ्याकडून एक. १५०० वॅट म्हणजे १२० व्होल्टवर साडेबारा अँपिअर, तासन् तास. उष्णता मिळते फक्त ५,१०० बीटीयू. दोन लावले तरी फर्नेसच्या तिसऱ्या हिश्शाएवढी. ३० अँपिअरची गाडी असेल तर एकूण ३,६०० वॅट. दोन हीटरांनी ३,००० खाल्ले. त्यात कुणी मायक्रोवेव्ह लावला की ब्रेकर पडला.

त्याहून वाईट गोष्ट भिंतीतल्या सॉकेटची. बऱ्याच ट्रेलरांत स्वस्तातले प्लॅस्टिकचे सॉकेट असतात, त्यांत वायर स्क्रूने आवळलेली नसते, पात्यांत दाबून बसवलेली असते. रात्रभर साडेबारा अँपिअर गेले की ते तापते, पिवळे पडते, वितळते. अर्ध्या तासाने सॉकेटवर हात ठेवून बघा. कोमट ठीक, गरम नको. हीटर ७५० किंवा १००० वॅटवर चालवा. एक्स्टेन्शनचे पातळ वायर तर वापरूच नका.

मेतकूट

कुणी ओलाव्याबद्दल बोलतच नाहीये! सासू-सासरे धरून पाच माणसं, चोवीस फुटांत, खिडक्या गच्च बंद. सकाळी काचांवरून पाणी ओघळतं, गादी उचलली तर खालची फळी ओली, कपाटातल्या कपड्यांना कुबट वास. ऊब आली की आपण म्हणतो जिंकलो, आणि मार्चमध्ये बुरशी हसत बाहेर येते.

निम्मा ओलावा श्वासाचा, उरलेला आपल्या स्वयंपाकाचा. आपण मराठी माणसं थंडीत काय करतो? आमटी उकळतो, भात लावतो, कुकरच्या शिट्ट्या काढतो, चहाचं आधण दिवसातून चारदा. आणि तिथे कुकर टाळताही येत नाही, कारण साउथ रिम २,१०० मीटरवर आहे. पाणी तिथे ९३ अंशांच्या आसपासच उकळतं आणि तूरडाळ नुसत्या पातेल्यात शिजता शिजत नाही. मी इलेक्ट्रिक कुकर दाराबाहेर पिकनिक टेबलावर ठेवते, खांबावरच्या २० अँपिअरच्या सॉकेटला बाहेरची जाड वायर लावून. शिटी बाहेर, वाफ बाहेर, शेजारचे अमेरिकन आजोबा चौकशीला. आत फक्त पोळ्या आणि परतायच्या भाज्या. फोडणी देताना छताचा पंखा चालू ठेवा, नाहीतर स्मोक अलार्म आख्खा कॅम्प उठवेल.

आणि छताची एक खिडकी रात्री बोटभर उघडी ठेवायचीच. थंडी येते म्हणून लोक बंद करतात. तेवढ्या फटीतून जाते ती ऊब थोडी, ओलावा पुष्कळ. वीज आहे तर छोटा डीह्युमिडिफायर (हवेतला ओलावा ओढणारं यंत्र) न्या. ते दाणेदार क्षारांचे डबे कपाटात ठीक, आख्ख्या ट्रेलरला त्यांचा उपयोग नाही. गादी भिंतीपासून दोन बोटं सरकवा, म्हणजे हवा खेळते.

सासूबाईंसाठी विजेची गादीवर घालायची चादर घ्या, १०० वॅटच्या आतबाहेर काम होतं. आणि शेकायची रबरी पिशवी सांगलीहून आणली असेलच. नसेल तर अमेझॉन.

चाकोरीबाहेर

मी व्हॅनमध्ये राहतो आणि बडी हीटर वापरतो. लोक उगाच बदनाम करतात. ४,००० आणि ९,००० बीटीयूच्या दोन पायऱ्या, बॅटरी नको, आवाज नाही, ऑक्सिजन कमी झाला की आपोआप बंद होतो. पानगळ यांनी जरूर घ्यावा.

मेतकूट

चाकोरीबाहेर, राग मानू नका, पण त्याचा धूर जातो कुठे? आतच ना? फर्नेसची भट्टी बंदिस्त असते, ती बाहेरची हवा घेते आणि बाहेरच सोडते. बडी तुमच्या खोलीतली हवा जाळतो आणि जळून जे होतं ते खोलीतच ठेवतो. एक किलो प्रोपेन जळालं की सुमारे १.६ किलो पाणी तयार होतं. शाळेतलं रसायनशास्त्र आहे, वजनं मांडून बघा. म्हणजे वीस पाउंडांचा सिलिंडर संपेपर्यंत तुम्ही ट्रेलरमध्ये जवळजवळ पंधरा लिटर पाणी वाफेच्या रूपाने ओतलंत. मी वर एवढं कुकर-पुराण लावलं ते कशासाठी?

वायरमन_काका

पाण्याचे सोडा. ऑक्सिजनचा सेन्सर कार्बन मोनॉक्साइड मोजत नाही, दोन गोष्टी वेगळ्या आहेत. शिवाय ७,००० फुटांच्या वर तो हीटर मधेच बंद पडू शकतो असे बनवणाऱ्यांनीच पुस्तिकेत लिहिले आहे. साउथ रिम त्याच उंचीवर आहे. झोपेत असताना तर कोणतीही उघडी ज्योत नको, मग ती हीटरची असो की शेगडीची.

२०२० च्या जानेवारीत नेपाळमध्ये दमनला केरळचे आठ पर्यटक एका खोलीत गॅस हीटर लावून झोपले आणि उठलेच नाहीत. त्यांत लहान मुले होती. दारे-खिडक्या आतून बंद होत्या. मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. डोके दुखते, मळमळते, माणसाला वाटते प्रवासाने असेल.

चाकोरीबाहेर

काका, मी खिडकी उघडी ठेवतो, डिटेक्टर दोन आहेत आणि झोपताना बंद करतो. वापरायचा तर असाच, हे लिहायला हवं होतं. पाच माणसांत, त्यांत म्हातारी माणसं, नको हे मान्य. पण सकाळी उठल्यावर पंधरा मिनिटांत व्हॅन तापवायला दुसरं काही त्या किमतीत नाही, हेही तुम्ही मान्य करा.

वायरमन_काका

केले.

स्पितीचं_भूत

धागा हायजॅक करतोय, माफी. पुण्यात आम्ही एक टेम्पो ट्रॅव्हलर कॅम्पर करून घेतोय, फेब्रुवारीत हिमाचलातल्या स्पितीत, काझाला न्यायचाय. महाराष्ट्रात २०२१ पासून कॅरव्हान पर्यटनाचं धोरण आहे खरं, पण गाडी गरम कशी ठेवायची हे विचारलं की इथले फॅब्रिकेटर हसतात. 'साहेब, महाबळेश्वरला कशाला हीटर?' गॅसवरचा हीटर ५ किलोच्या सिलिंडरवर चालेल का?

कॅलगरीकर

आमचं वरचं सगळं बोलणं निव्वळ प्रोपेनचं होतं, ते तुम्हाला लागू नाही. भारतातला घरगुती एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेनचं मिश्रण, आणि ब्युटेन शून्याच्या जरा खालीच वाफ व्हायचं थांबतं. काझाला फेब्रुवारीत रात्री उणे वीस. सिलिंडरमधला प्रोपेन आधी निघून जाईल, मागे ब्युटेन द्रवरूपात डुचमळत बसेल. सिलिंडर भरलेला आणि ज्योत नाही. शिवाय काकांनी सांगितलेलं मोनॉक्साइड आहेच. गॅस विसरा.

तुमच्यासाठी डिझेल हीटर. युरोपातले ट्रकवाले वर्षानुवर्षं वापरतात, वेबास्टो आणि एबरस्पेखर ही जुनी नावं, आता चिनी २ आणि ५ किलोवॅटचे स्वस्तात मिळतात. गाडीच्याच टाकीतून इंधन घेतो, भट्टी बंदिस्त, धूर गाडीखाली बाहेर. तासाला पाव लिटरच्या आसपास डिझेल. विजेचं म्हणाल तर हीटर पेटताना ग्लो प्लगला (तापून ज्योत पेटवणाऱ्या कांडीला) आठ-दहा अँपिअर, मग एक-दोन. ट्रॅव्हलरच्या आकाराला २ किलोवॅटचा घ्या. मोठा घेतला तर तो कायम मंद चालतो आणि काजळी धरतो.

पण काझा ३,६०० मीटरच्या वर आहे. तिथे हवा विरळ, आणि हीटर समुद्रसपाटीइतकंच डिझेल ओतत राहिला तर ते धड जळत नाही. धूर, काजळी, दोन दिवसांत भट्टी बंद. उंचीप्रमाणे इंधन कमी करण्याची सोय असलेलाच कंट्रोलर घ्या आणि पुण्यात बसवतानाच ती कशी वापरायची ते शिकून घ्या. तिथे बोटं चालत नाहीत.

नुसता_वाचक

पहिल्यांदाच लिहितोय. लडाखला नोकरीनिमित्त दोन हिवाळे होतो. डिझेल हीटर चांगला, पण पुण्याहून भरून आणलेलं डिझेल तिथे मेणासारखं घट्ट होतं. हीटर राहू द्या, गाडीच सुरू होत नाही. इंडियन ऑइलने २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये लडाखसाठी हिवाळी डिझेल आणलं, ते उणे ३३ पर्यंत वाहतं राहतं. स्पितीला जाताना खालच्या मैदानातल्या डिझेलने टाकी गच्च भरू नका, वर जाल तशी स्थानिक पंपावर भरा आणि पंपावरच्या माणसाला विचारा. बाटलीतलं अँटीजेल मिळतं, ते डिझेल गोठायच्या आधी घालायचं असतं. गोठल्यावर घालून उपयोग नाही.

आणि खरं सांगू? गाडी होमस्टेच्या अंगणात लावा आणि रात्री त्यांच्या बुखारीपाशी (खोली तापवायच्या लोखंडी शेगडीपाशी) झोपा. फेब्रुवारीत तिथली माणसंसुद्धा आख्खं घर गरम ठेवत नाहीत, एक खोली ठेवतात.

स्पितीचं_भूत

ही शेवटची सूचना बायकोला वाचून दाखवली. ती म्हणते, मग कॅम्पर कशाला केला?

दक्षिणायन

तुम्ही सगळे इतके कष्ट का घेताय कळत नाही. आरव्हीला चाकं असतात. आम्ही दोघं निवृत्त झाल्यापासून नोव्हेंबरात मिशिगन सोडतो आणि अ‍ॅरिझोनात क्वार्टझसाइटला वाळवंटात जाऊन बसतो. सरकारी जमीन आहे, सप्टेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत सगळा मोसम एकाच परवान्यावर राहता येतं. वीज नाही, पाणी आपलं आपण आणायचं, पण समुद्रसपाटीपासून जेमतेम नऊशे फूट, त्यामुळे दिवसा स्वेटरही नको. रात्री फर्नेस पहाटे तासभर लावली की झालं. त्याच राज्यात वर डोंगरावर जाऊन कुडकुडायची हौस कुणाला असेल तर असो.

पानगळ, पोरीच्या नात्याने सांगतो, कॅन्यनला तीन रात्री राहा आणि परतायच्या आधी म्हाताऱ्यांना खाली उन्हात घेऊन या. भुईमुगाच्या शेंगा मी भाजतो.

पानगळ

काका, शेंगांचं आमंत्रण सासऱ्यांनी लगेच स्वीकारलंय. बघू कसं जमतं.

आतापर्यंत ठरलेलं सांगते. फर्नेस आहे तीच. एक हीटर, १००० वॅटवर, सासू-सासऱ्यांच्या पलंगाच्या बाजूला. विजेची चादर मागवली. छताच्या खिडकीला बसवायची चौदा इंची उशी मिळाली, पण मेतकूटताईंमुळे एक खिडकी मोकळीच ठेवणार. नवरा काल ट्रेलरखाली उताणा झोपून पोटाचा पत्रा बघत होता, दोन ठिकाणी फाटलेला सापडला. मागच्या मालकाने काहीतरी दुरुस्त करून तसाच लोंबकळत सोडलेला. तो टेपने बंद केला. खिडक्यांना चंदेरी बबल-शीट कापून ठेवल्यात.

पाण्याचं काय करायचं ते अजून कळत नाही. बाहेरच्या नळाला पाइप लावून ठेवला तर तो गोठेलच ना?

कॅलगरीकर

गोठेल. गरम होणारे पाइप मिळतात, पण तीन-चार दिवसांसाठी गरज नाही. पोचल्यावर दुपारी साध्या पाइपने आतली टाकी भरून घ्या, पाइप काढून झटकून आत ठेवा आणि पंपावर राहा. संपलं की पुन्हा दुपारी भरा. पूर्ण भरलेली टाकी अर्ध्या टाकीपेक्षा सावकाश गोठते, हाही फायदा.

सांडपाण्याचे व्हॉल्व्ह बंदच ठेवायचे. लोक जोडणी आहे म्हणून उघडे सोडतात, मग थेंब थेंब पाणी पाइपात जाऊन थरावर थर बर्फ साचतो आणि तिसऱ्या दिवशी भरीव बर्फाचा दांडा तयार. टाकी दोन तृतीयांश भरली की दुपारी एकदम सोडा आणि पाइप काढा. नळ थेंब थेंब ठिबकत ठेवायची घरची युक्ती इथे करू नका. मोरीखालच्या कपाटाची दारं रात्री उघडी ठेवा. बबल-शीट दक्षिणेकडच्या खिडक्यांवरून दिवसा काढा, फुकटचं ऊन आत येऊ दे.

राहिला प्रवास. डेन्व्हरहून निघताना टाकीत आणि नळ्यांत पाणी भरूच नका. दिवसभर उणे पाचात ताशी साठ मैलांचा वारा पोटाखालून जातो, आणि प्रोपेन चालू ठेवून फर्नेस पेटती ठेवत गाडी ओढणं मला पसंत नाही. पेट्रोल पंपावर तर ते बंद करावंच लागतं. वाटेत प्यायला बाटल्या, संडासाला कॅम्पग्राउंडचा. ट्रेलरमधला संडास वापरावा लागलाच तर त्यात गुलाबी आरव्ही अँटीफ्रीझ ओता. गुलाबीच, प्रॉपिलीन ग्लायकॉलचं. गाडीच्या इंजिनातलं घेऊ नका, त्यात बहुधा एथिलीन ग्लायकॉल असतं आणि ते विषारी आहे. परतताना नळ्या पुन्हा रिकाम्या करून हेच गुलाबी पंपाने फिरवा आणि घरी उभी करा.

बोरीबंदर

आणि आय-७० महामार्गाने जाऊ नका. बर्फात मॉरिसन ते डोट्सेरो या डोंगरातल्या टप्प्यात ट्रेलर ओढायचा तर हात कापतात, साखळ्यांचे नियमही आहेत. आय-२५ ने अल्बुकर्की, तिथे विजेच्या जागेवर मुक्काम, मग आय-४० ने विल्यम्स आणि ६४ नंबरने वर. फ्लॅगस्टाफला हवामान बघूनच निघा. तिथे बर्फ पडायला लागला की चांगलाच पडतो.

वायरमन_काका

सगळे बोलले, पण डिटेक्टरचे कुणी पानगळना विचारले नाही. ट्रेलर सेकंडहँड आहे ना? कार्बन मोनॉक्साइड आणि गॅसचा डिटेक्टर भिंतीवरून काढा, मागच्या बाजूला बनवल्याची तारीख असते. ती वाचा.

पानगळ

काका, २०१३. चाचणीचं बटण दाबलं तर वाजतो मात्र जोरात.

वायरमन_काका

बटण फक्त भोंगा आणि सर्किट तपासते, आतला सेन्सर नाही. हे डिटेक्टर पाच ते सात वर्षे, काही मॉडेले दहा. तुमचा केव्हाच निवृत्त झाला आहे. नवा आजच मागवा. दोन्ही एकत्र असलेला असेल तर आहे त्याच जागी, जमिनीलगत बसवा, कारण प्रोपेन हवेपेक्षा जड, गळती खाली साठते. आणि मोनॉक्साइडचा वेगळा एक, बॅटरीवरचा, सासू-सासऱ्यांच्या उशाकडे. कामाला लागा, मग शेंगांचे बोलू.

पानगळ

मागवले, दोन्ही. गुरुवारी येतायत.